दोन बोटं

टुल्लू हे नाव बायकोनं ठेवलं.
आमचं कुलर दुरुस्तीचं दुकान, कोपऱ्यात पंपांचा ढीग,
आणि हे पिल्लू रात्रभर तसंच घुरघुरायचं,
टाकीत पाणी नसताना चालू राहिल्यासारखं.

पट्टा मी पाटणकर बाजारातून आणला. लाल, चामड्याचा.
मोच्याकडून एक जादा भोक पाडून घेतलं,
इतकी बारीक मान.
ते भोक मी लक्षात ठेवलं.
मान वाढते हे नाही ठेवलं.

मामा म्हणाले, बांधून ठेव, कुत्रं तेज होतं.
बांधला. जिन्याखाली, चार हात साखळी.
झालाही तेज.
दूधवाल्या रामसेवकची पोटरी धरली
तेव्हा मी टुल्लूवर ओरडलो,
सुयांचे पैसे दिले, माफी मागितली,
आणि खोटं कशाला बोलू,
आतल्या आत छाती फुगली.

मे महिन्यात ग्वाल्हेर म्हणजे नुसता तवा.
रात्री अकरालासुद्धा किल्ल्याचा दगड धग सोडतो.
मी दिवसभर लोकांच्या खिडक्यांना वाळा लावत हिंडायचो,
हात लावून बघायचो, हवा गार येते ना, काकू?
आणि घरी हा सिमेंटवर,
दुपारी दोनच्या तापल्या साखळीला.
कुणी मुद्दाम केलं नाही.
जिना उतरताना मी मोबाईल बघायचो, एवढंच.

आधी वास आला. मग माश्या.
ऋजुता म्हणाली, बाबा,
टुल्लूच्या गळ्यात काहीतरी मेलंय.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
कात्री हातात घेऊन म्हणाल्या,
यात दोन बोटं घालून दाखवा.
करंगळीचं नख शिरलं नाही.
चामडं कातडीत रुतलेलं, अर्धा तास सोडवत होत्या,
आणि तो, रामसेवकला फाडणारा तो,
माझ्या कोपरात तोंड खुपसून गप्प.

घरी आणला. साखळी भंगारात घातली.
दार उघडं, अंगण मोकळं, आणि हा
चार हात जायचा नि वळायचा.
चार हात, वळायचा.
फरशीवर घासून पडलेली चंद्रकोर होती,
तिच्या काठावर येऊन उभा राहायचा,
पुढे विहीर असल्यासारखा.
अठरा दिवस.
एकोणिसाव्या दिवशी एक खार पळाली
आणि गडी विसरून गेला.

वरून हात आला की अजून दात दिसतात.
साखळी अडकवणारा हात वरूनच यायचा.
म्हणून ऋजुता त्याच्याकडे बघतसुद्धा नाही,
बाजूला फतकल मारून गणितं करत बसते.
दिवाळीच्या सुट्टीत एकदा
त्यानं वहीवर हनुवटी ठेवली.
लसाविच्या उदाहरणावर लाळेचा डाग.
तिनं पान फाडलं नाही, बाईंचा शेरा खाल्ला.

गजक बंद. शेंगदाण्याची, तिळाची, सगळी.
बायको म्हणाली, एवढीशी तर देते.
मी म्हटलं, मीही एवढंसंच केलं होतं,
एक भोक.
त्यावर ती बोलली नाही. डबा वरच्या फळीवर गेला.

उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला निघतो.
उशीर झाला तर आधी मी वाकतो,
डांबरावर पालथा हात टेकवतो, दहापर्यंत मोजतो.
आठला चटका बसला की दोघंही घरी.
कोपऱ्यावरचे चौरसिया हसतात,
क्या गिर गया, भाईसाब?
मी म्हणतो, कुछ नहीं, देख रहा हूँ.

रामसेवक अजून फाटकाबाहेरूनच दूध मापतो.
मी आग्रह करत नाही. त्याचंही बरोबर आहे.

गळ्याभोवती केस पुन्हा आले, पण पांढरे.
अनोळखी माणसाला वाटतं, मुळातच तसा आहे,
किती छान माळ आहे, म्हणतात.

आपल्यात म्हणतात,
फार सुख झालं की स्वर्ग दोन बोटं उरतो.
त्याचं मला माहीत नाही.
रोज सकाळी मी कापडी पट्टा लावतो,
मग आत तर्जनी, तिच्याशेजारी मधलं बोट.
जातात.
तेवढा वेळ टुल्लू श्वास धरून उभा असतो,
अजूनही.